हत्ती उभा राहत नाही

धाकटीला छप्पन्नावं लागलं होतं, तरी ती धाकटीच होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा थोरल्या जावेने दारातच तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, "ये गं धाकटे." ते नाव असं काही चिकटलं की पुढे शेजारीपाजारी, दूधवाला, खुद्द नवरासुद्धा तिला धाकटीच म्हणायला लागला. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, नाव काही मोठं झालं नाही.

थोरली वरच्या मजल्यावर राहायची, धाकटी खालच्या. दीर गेल्यापासून थोरली वर एकटीच होती, पण एकटी आहे म्हणून मवाळ झाली असेल असं कोणाला वाटलं तर त्याने एकदा जिना चढून बघावा.

धाकटीची उमर एका शिंप्याच्या दुकानात गेली. नवं शिवायचं काम मास्तर स्वतः करायचे. दुसऱ्याने शिवलेलं नीट करायचं, ते धाकटीकडे. पँट आखूड करायची, चेन बदलायची, अंगाने भरलेल्या गिऱ्हाइकाचा कोट उसवून सैल करून द्यायचा आणि वर "धुताना कापड आटलं असेल हो" असं म्हणून त्याची अब्रूही राखायची. मास्तर थकले, दुकान बंद झालं, तेव्हा त्यांनी शिलाई मशीन तिच्या घरी पोचतं केलं आणि बरोबर चिंध्यांचं एक पोतं. त्या चिंध्यांतून धाकटी खेळणी शिवायला लागली. ससे, कासवं, पोट सुटलेली अस्वलं. शेजारच्या पोरांना वाटून टाकायची.

इथवर सगळं ठीक होतं. मग नवरा निवृत्त झाला.

तो बस डेपोत टाइमकीपर होता. बस वेळेवर सुटली का, वेळेवर आली का, मधे ड्रायव्हर चहाला का थांबला, हे विचारण्यात त्याचा जन्म गेला. घरी बसल्यावर विचारायला फक्त धाकटी उरली. कुकर लावायला एवढा वेळ का. कपडे वाळत घालताना मधेच गप्पा कशाला. एक दिवस तिने डबे लावलेल्या फळीकडे पाहिलं तर सगळे डबे उंचीप्रमाणे उभे, आणि मीठ सापडेना. त्या दिवशी धाकटीने त्याच्या हातात मोबाइल ठेवला आणि म्हणाली, "अहो, रिकामे आहात तर माझे हात शूट करा. ससा कसा शिवायचा ते शेजारणीच्या बहिणीला बघायचंय."

म्हणजे त्यांचं चॅनेल सुरू झालं ते कलेच्या प्रेमापोटी वगैरे नाही. बायकोला मीठ सापडावं म्हणून.

चॅनेलचं नाव 'सांगते तसं करा'. त्यात धाकटीचा चेहरा कधीच दिसला नाही. टेबल दिसायचं, हात दिसायचे, आणि आवाज यायचा. "आता सुई आतून बाहेर काढा. ओढू नका, दोरा रागावतो. हं. आता दुसरा टाका." आधी नातेवाईक बघायचे, मग नातेवाइकांच्या मैत्रिणी, मग कोण कुठल्या बायका. शिवून झालेल्या सशांचे फोटो यायचे. कोणाचा ससा कानाने लहान, कोणाचा डोळ्याने चकणा, पण ससाच. धाकटी प्रत्येकीला उत्तर द्यायची.

शूट झालं की नवरा कापाकापीला बसायचा. ते तो आपलं आपण शिकला आणि त्यात रमला. खोकला कापायचा, दारावरची बेल कापायची, आणि धाकटी जिथे गप्प असेल तो सगळा भाग कापायचा. "तू बोलत नाहीस म्हणजे काही चाललेलं नाही," असं त्याचं म्हणणं. "बस स्टॉपवर नुसती उभी. लोक कशाला बसतील?" तासाभराचं शिवण तो दहा मिनिटांत बसवायचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हुकमाने सगळं वेळेवर सुटत होतं.

प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी धाकटी एकच वाक्य म्हणायची. "आता माझ्याकडे काही उरलं नाही, सगळं तुमच्याकडे."

हे वाक्य उगाच आलेलं नव्हतं. त्याच्या मुळाशी थोरलीची बिस्किटं होती.

थोरलीची बिस्किटं म्हणजे तोंडात टाकली की गेली. कोणीही कृती विचारली की थोरली आनंदाने सांगायची, वाटी-चमच्याच्या मापासकट. आणि त्यातली एक गोष्ट गाळायची. कधी कुठली, ते तिचं तिला माहीत. मग करणारीची बिस्किटं एक तर दगड व्हायची नाही तर ताटभर पसरायची, आणि थोरली मान कलती करून म्हणायची, "हाताचा गुण असतो गं." धाकटीला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. माहेरची माणसं यायची होती, तिने थोरलीला विचारून बिस्किटं केली, आणि तिच्या वडिलांनी एक बिस्किट चहात बुडवून, बराच वेळ वाट बघून, शेवटी खिशात घातलं. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं की आपल्याला जे येईल ते विचारेल त्याला सगळं सांगायचं. हातचं राखायचं नाही. दागिने नव्हते, शिक्षण बेताचं, घरात मान थोरलीला. धाकटीकडे मिरवण्यासारखं हे एकच होतं.

मग तिने हत्ती शिवला.

मास्तरांच्या पोत्यात आखूड केलेल्या पँटींचे राखाडी तुकडे ढिगाने होते. त्यांचा चार पायांवर ठाम उभा राहणारा, सोंड किंचित वर केलेला हत्ती. इतका साजरा झाला की नवरासुद्धा म्हणाला, "हा वेळेआधी पोचला." व्हिडिओ टाकला आणि पूर्वी कशावर आल्या नव्हत्या इतक्या कमेंट आल्या. एका बालवाडीच्या बाईंचा तर फोनच आला. त्यांच्याकडे नवीन मुलं येतात, पहिले काही दिवस रडून शाळा डोक्यावर घेतात. प्रत्येकाला आपल्या आईने शिवलेला एक हत्ती धरायला दिला तर? धाकटीने येऊन आयांना शिकवावं, अशी बाईंची विनंती होती.

"मी?" धाकटी म्हणाली. "मी शाळेत?"

"तुम्हीच. तुमच्यासारखं सांगणारं कोणी नाही."

फोन ठेवल्यावर धाकटी जाऊन आरशासमोर उभी राहिली. आजवर शिकवणारी म्हणून तिला कोणी कुठे बोलावलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकं पडद्याआडून कपडे द्यायची आणि पडद्याआडूनच घेऊन जायची. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती ती तिने त्याच संध्याकाळी बदलून आणली.

आणि फोटो यायला लागले.

पहिला हत्ती तोंडावर पडलेला होता. धाकटीने लिहिलं, पाय नीट भरा. दुसरा कुशीवर. तिसरा पुढचे पाय फाकून बसलेला, परीक्षेचा निकाल ऐकल्यासारखा. एकीने आपला हत्ती चहाच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि खाली लिहिलं होतं, डबा काढला की जातो. मग तर रांगच लागली. ठिपक्यांचे, चौकड्यांचे, फुलाफुलांचे हत्ती, कोणी उताणा, कोणी गुडघ्यावर, कोणी भिंतीकडे तोंड करून. सगळ्या चॅनेलवर एक हत्ती धड पायांवर नव्हता. फक्त धाकटीचा टीव्हीशेजारी उभा होता, सोंड वर करून, जणू त्यालाच सगळी मजा वाटत होती.

"नाचता येईना अंगण वाकडं," नवरा म्हणाला. "नीट बघत नाहीत बायका."

"सगळ्याजणी नीट बघत नाहीत?" धाकटी म्हणाली. "सशाच्या वेळी बघत होत्या ना?"

तिने व्हिडिओ पुन्हा लावला. सगळं तिथे होतं. कापणं होतं, शिवणं होतं, उलटवणं होतं, कापूस भरणं होतं. तिने पुन्हा लावला. जेवताना लावला. काहीही सुटलेलं नव्हतं.

मग बालवाडीच्या बाईंचा दुसरा फोन आला. त्यांचा आवाज आता जपून पाऊल टाकत होता.

"ताई, राग मानू नका. आमच्या काही आयांनी आधीच करून बघितले हत्ती. एकही उभा राहिला नाही."

"कापूस कमी पडला असेल."

"ठासून भरला. मीही करून बघितला. आयांचं म्हणणं पडतंय की एक पायरी तुम्ही स्वतःपाशी ठेवलीत. मी तसं म्हणत नाही. पण त्या म्हणतायत की असल्या लोकांचं असंच असतं, मुख्य ते सांगत नाहीत. तर तुम्ही यायचं ते जरा थांबून ठरवू या का?"

धाकटी "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ठेवलेला फोन हातात तसाच धरून ती खुर्चीत बसली. चोर म्हटलं असतं तर तिने भांडून घेतलं असतं. अडाणी म्हटलं असतं तर हसून सोडलं असतं. पण हातचं राखणारी? तिला?

नवऱ्याला तिचा चेहरा बघवला नाही. त्याने बाह्या वर केल्या. "मी करतो," तो म्हणाला. "व्हिडिओत आहे तसं. एक टाका इकडेतिकडे नाही. मग कळेल बायका चुकतात का आपण."

आयुष्यात शर्टाचं बटण न लावलेला माणूस, पण नियमाने चालायचं त्याला वळण होतं. टेबल पुसून घेतलं, शेजारी केराचा डबा ठेवला, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि एकेक वाक्य थांबवून ऐकत शिवायला बसला. कापडाचा बारीकसा कपटा पडला तरी लगेच उचलून केरात टाकायचा. दुपारभर घरात धाकटीचाच आवाज घुमत होता, "ओढू नका, दोरा रागावतो," आणि त्यावर नवऱ्याचं पुटपुटणं, "नाही ओढत, नाही ओढत." टाके वाकडे आले पण हत्ती झाला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि हात सोडला. हत्तीने अगदी सावकाश, आदबीने, सोंड टेकून नमस्कार घातला.

"आता तू कर," नवरा म्हणाला. "माझ्यासमोर."

धाकटीने त्याच कापडाचा, तोच कापूस घेऊन, मोठमोठ्याने प्रत्येक गोष्ट सांगत हत्ती शिवला. नवरा डोळ्यांत तेल घालून बघत होता. हत्ती उभा राहिला. दोघं त्या दोन हत्तींकडे बघत बसली, एक ताठ, एक लोळण घेतलेला.

"हाताचा गुण असेल," नवरा हळूच म्हणाला.

"ते वाक्य या घरात बोलू नका," धाकटी म्हणाली.

बातमीला जिना चढायला कितीसा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरली खाली आली, चप्पल दारात, हातात बिस्किटांचा डबा. खुर्ची ओढून बसली, डबा टेबलावर ठेवला, दोन्ही हत्ती आलटून पालटून बघितले.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "सगळ्या जगाला शिकवतेस, आणि एक गोष्ट पोटात ठेवतेस. छान. शेवटी माझ्याच वाटेवर आलीस की."

"वहिनी, मी काही ठेवलेलं नाही."

"मीही तेच म्हणते. कोणी विचारलं की."

"तुमचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?" थोरलीने एक बिस्किट स्वतःच घेतलं. "माझं माणसांना ठाऊक आहे. तुझं आत्ता कळलं. एवढंच वेगळं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडणारी बाई नव्हती. मास्तरांनी दुकानाला शेवटचं कुलूप लावलं तेव्हाही ती रडली नव्हती. तिने पाठ फिरवली आणि उगाचच चहाचं आधण ठेवलं. थोरलीने ते बघितलं. मोठी टोचरी असली तरी आंधळी नव्हती.

"बस इकडे," ती म्हणाली. "चहा राहू दे. हत्ती कर एक."

"काल केला ना. ह्यांनी पण बघितलं. काही सापडत नाही."

"त्याला काय सापडणार. सरळ माणूस आहे. सरळ माणसाला सरळ दिसतं तेवढंच दिसतं." थोरलीने पदराने चष्मा पुसला. "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. कुठे लपवलंयस ते मी काढते."

"लपवलेलं नाहीच तर काढणार काय?"

"ते मग बघू. आणि एक. बोलायचं नाही. तोंड बंद ठेवून कर. तू सांगायला लागलीस की तुझे हात पाहुण्यांसमोरच्या पोरांसारखे वागतात."

नवरा बाजूला उभा राहिला, बोलायला गेला आणि थोरलीने नुसत्या बोटाने त्याला गप्प केलं.

धाकटीने कापड घेतलं. कात्री चालली, मशीन चाललं, राखाडी कपटे टेबलावर पडत गेले. खोलीत इतकी शांतता होती की वरच्या मजल्यावरचा थोरलीचा नळ टपकताना ऐकू येत होता. पाय शिवून झाले, कापड उलटवून झालं. धाकटीने कापसाकडे हात नेला.

"थांब," थोरली म्हणाली. "हे काय केलंस?"

"कुठे काय केलं? कापूस घेतेय."

"त्याच्या आधी. डाव्या हाताने."

"काही नाही. आवरलं."

"काय आवरलं?"

"कपटे. टेबलावर पडले होते ते. कामाच्या मधे येतात."

"आणि टाकलेस कुठे?"

धाकटीने केराच्या डब्याकडे पाहिलं. डबा रिकामा होता. टेबल साफ होतं. मग तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं हत्तीच्या मागच्या पायात मुळापर्यंत गेलेली होती.

तिने ती बाहेर काढली. पाय दाबून बघितला. तळाशी टणक गोळा होता, सुपारीएवढा. दुसरा पाय दाबला. तिथेही होता. चारही पायांत होता.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

दुकानात जमिनीवर कपटा दिसलेला मास्तरांना खपायचा नाही. केर काढायला मुलगा ठेवलेला नव्हता, आणि डबा पार दाराशी. मग धाकटी कापता कापता तळव्याच्या कडेने कपटे ओढून घ्यायची आणि जे भोक जवळ असेल त्यात सारायची. टाचण्यांच्या उशीत, खुर्चीच्या गादीत, कोटाच्या खांद्याच्या पॅडमध्ये. सगळी उमर हेच केलेलं, त्यामुळे हाताला ते काम वाटतच नव्हतं. श्वास घेणं कोणी पायरी म्हणून सांगतं का? कापूस हलका, कापडाचे कपटे ठासले की जड. हत्ती उभा होता तो त्या आवराआवरीवर.

"पण मग व्हिडिओत का दिसलं नाही?" ती म्हणाली. "मी शंभर वेळा बघितला."

नवरा आतापर्यंत उभा होता तो बसला. मोबाइल काढला. न कापलेलं शूटिंग त्याच्याकडे सगळं जपून ठेवलेलं होतं, डेपोतली सवय. त्याने ते लावलं. तिथे धाकटी शिवत होती, गप्प होती, आणि गप्प असताना तिचा डावा हात टेबलावरून फिरत होता, कपटे गोळा करत होता, पायात सारत होता. एकदा, दोनदा, पुन्हा. शूटिंगचे तेवढे सगळे तुकडे त्याने कापून फेकले होते.

"मला वाटलं आवरतेयस," तो म्हणाला. "आवराआवर कोण बघणार?"

"आवरतच होते की."

"काल तर मी समोर बसलो होतो. तू बोलायची थांबलीस की तेवढ्यात मी चहाचा घोट घेत होतो." त्याचा चेहरा पहिल्यांदाच बस चुकलेल्या माणसासारखा झाला होता. "मीच कापलं सगळं."

धाकटीला खरं तर त्याच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण ओरडणार कशावरून? "तुम्हाला दिसलं नाही ते ठीक," ती म्हणाली. "हात माझे होते, मला तरी कुठे दिसलं."

"झालं तुमचं?" थोरली म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चांगली आशेने आले होते, म्हटलं ही खरंच लपवतेय, जोडीला कोणी तरी मिळालं. कसलं काय. तुला लपवताही येत नाही." ती उठली, चप्पल घातली, आणि दारातून वळून म्हणाली, "त्या शाळेच्या बाईला आत्ता फोन कर. विचार करत बसलीस तर करणार नाहीस. तुला मी ओळखते."

धाकटीने फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे केर?" बाई म्हणाल्या. "केर भरायचा पायात?"

"केर नाही हो. कातरण. आधी ते ठासायचं, मग कापूस."

"ताई, हे आयांना खरं वाटेल असं तुम्हाला वाटतं? मला वाटतंय. पण त्या म्हणतील, पकडल्यावर सांगितलं."

धाकटीने नवीन व्हिडिओ टाकला असता, टाकणारही होती, पण आता ज्यांना संशय आला त्यांना तिच्या व्हिडिओवर भरवसा कसा बसावा? व्हिडिओत कापलेलं असतं, हे आता तिलाही माहीत झालं होतं.

"मग मला येऊ द्या," ती म्हणाली. ती असं काही बोलेल हे तिलाच वाटलं नव्हतं. "मी समोर बसून करते. त्यांनी माझ्या अगदी जवळ बसावं. काही लपवतेय असं वाटलं तर तिथल्या तिथे हात धरावा."

बालवाडीची खोली ठेंगणी होती. म्हणजे खोली नेहमीएवढीच, पण आतलं सगळं ठेंगणं. टेबलं गुडघ्याएवढी, खुंट्या कमरेएवढ्या, आणि वीतभर खुर्च्यांवर आया कशाबशा बसलेल्या, गुडघे हनुवटीला लावून. कोणी हसलं नाही. एक-दोघींनी आपले पडके हत्ती आणून मुद्दाम समोर ठेवले होते, पुरावा म्हणून. नवरा मागे भिंतीशी मोबाइल धरून उभा होता. येताना रिक्षात त्याने शपथ घेतली होती की आजचं एक सेकंदही कापणार नाही, तीन तास चाललं तर तीन तास.

धाकटीने कापड समोर ठेवलं. घरी तिने बोलायचं सगळं पाठ केलं होतं, ते आता कुठल्या कुठे गेलं.

"मी काय काय करते ते मला स्वतःलाच सगळं माहीत नसतं," ती म्हणाली. "हे मला आत्ता आत्ता कळलं. तेव्हा माझ्या तोंडाकडे लक्ष देऊ नका. हाताकडे द्या. न सांगता हात काही करायला लागला की मला थांबवा. लाजू नका."

आया लाजणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आत्ता तोंडाजवळ नेऊन काय केलंत?" पहिला टाका पडतो न पडतो तोच एक म्हणाली.

"दोरा दाताने तोडला. तुम्ही कात्रीने तोडा. माझ्या दातांची वाट लागलीच आहे."

"आणि आता?"

"चष्मा वर केला. ते करायचं नाही."

पुढच्या रांगेतल्या एकीने, चष्मा नसताना, नाकापर्यंत गेलेला हात गुपचूप खाली घेतला. शेजारणीने तो पाहिला आणि खुदकन हसली. मग हसू खोलीभर पसरलं.

कपटे गोळा करायची वेळ आली तेव्हा धाकटीने दोन्ही हात वर उचलून धरले, जादूगार दाखवतो तसे, मग सावकाश तळव्याच्या कडेने टेबल ओढलं आणि बोटांनी पायात सारलं. "हे ते," ती म्हणाली. "ह्यालाच मी आवरणं म्हणत होते." पडका हत्ती आणलेल्या बाईने आपल्या हत्तीच्या पायाची शिवण तिथेच उसवायला घेतली.

"थांबा," कोपऱ्यातली एक बारीक अंगाची आई म्हणाली. तिच्या मांडीवर पोर झोपलं होतं. "मघाशी कापड उलटवायच्या आधी नखाने काही तरी केलंत."

"कुठे?"

"शिवणीवरून. अंगठ्याचं नख फिरवलंत. सगळीकडून."

"मी?" धाकटीने अंगठा डोळ्यांजवळ नेला. नख एका बाजूने झिजून तिरकं झालेलं होतं. दुसऱ्या हाताचं धड होतं. ती ते बघत राहिली. मागून नवऱ्याचा आवाज आला, "केलंस. मी बघितलं." त्याच्या आवाजात मोठाच अभिमान होता.

"मग तेही करायचं," धाकटी म्हणाली. "शिवण दबते त्याने. सगळ्यांनी करा. आणखी काय केलं मी? सांगा, सांगा."

आता तिला भीती वाटत नव्हती. उलट हाव सुटली होती. आपल्याच हातांत आणखी काय काय दडून बसलंय, ते ह्या बायकांनी बाहेर काढावं असं तिला झालं होतं. आयाही ईरेला पेटल्या. पोरांना न्यायची वेळ होऊन गेली, बाहेर पोरं दार वाजवायला लागली, तरी कोणी उठेना.

शेवटी बाईंच्या टेबलावर हत्तींची रांग लागली. लाल, निळे, रेघारेघांचे, सगळे ओबडधोबड आणि सगळे उभे. एक सोडून. तो पिवळा, मधोमध, शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला.

"हा कोणाचा?" धाकटीने विचारलं.

मग बालवाडीच्या बाई पुढे आल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "माझा," त्या म्हणाल्या. "सवय हो. शाळेत कपटा दिसला की मी लगेच उचलून टाकते. कापून झालं, शिवायला घेतलं, बघते तर डबा बाहेर रिकामाही करून आले होते."

आया हसल्या. धाकटी हसली नाही. तिने खाली बघितलं. तिच्या समोर, टेबलाच्या कडेला, राखाडी कातरणाचा एक लहानसा ढीग उरला होता, नकळत गोळा केलेला. तिने तळव्याच्या कडेने तो सगळाच्या सगळा बाईंकडे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली. "उसवा तो पाय. मी दाखवते."